वाळीत टाकलेले घर आणि विठोबाचे दार

संतसज्जनहो, लांजे तालुक्यातल्या माळकरी मंडळींत चार घटका बसले, की एक प्रश्न फिरून फिरून निघतो. गावाने एखादे घर वाळीत टाकले, तर त्या घराशी वारकऱ्याने कसे वागावे? कोणी म्हणतात, "गावाबरोबर राहावे, गाव मोठे." कोणी म्हणतात, "आपण आपले भजन करावे, गावकीत पडू नये." कोणी काहीच म्हणत नाहीत, खाली मान घालून टाळ पुसत बसतात. या न बोलणाऱ्यांच्या मनातच खरी टोचणी असते, असे आम्हांस वाटते. म्हणून या महिन्याच्या निरूपणास आम्ही हाच विषय घेतला आहे.

प्रथम वाळीत टाकणे म्हणजे काय, ते नीट पाहू. शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. कोकणात वाडीची बैठक बसते. कारणे बहुधा ठरलेली असतात. कोणी गावकीने केलेला दंड भरला नाही, कोणी देवळाच्या हिशेबाबद्दल विचारले, कोणी जमिनीच्या वादात कोर्टाची पायरी चढला, कोणाच्या लेकाने जातीबाहेरची सून आणली, कोणी निवडणुकीत गावाने ठरवलेल्या माणसाविरुद्ध अर्ज भरला. बैठकीत ठरते की आजपासून या घराशी बोलायचे नाही. जो बोलेल त्याला दंड. बस्स, एवढेच. मारहाण नाही, आरडाओरड नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या घराचे काय होते पाहा.

आषाढ लागतो, तरवा वर आलेला असतो, आणि लावणीला हात मिळत नाहीत. एकमेकांच्या शेतात जाऊन लावणी करणे हा आपला रिवाज. एकट्या घराची शेती तशीच पडून राहते. विहिरीवर बाई गेली की बाकीच्या बाया कळशा उचलून चालू लागतात. गणपतीत आरतीला त्या घरी कोणी येत नाही. शाळेतून आलेले पोर विचारते, "आई, माझ्याशी कोणी खेळत का नाही?" शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते, अंगणात नाचते, बाया ओटी भरतात, आणि त्या एका घरापुढून भोई पावले उचलून पुढे निघून जातात. देवीचे ताट मांडून, ओटीचा खण-नारळ हातात धरून त्या घरची म्हातारी दारात उभीच राहते. मुंबईला असलेल्या चाकरमान्याचे नावही वाडीच्या मंडळातून कापले जाते. आणि त्या घरात कोणी मेले, तर तिरडीला चौथा खांदा मिळत नाही.

आता सांगा, ज्या धर्मात भेटेल त्याला माउली म्हणून वाकायचे, त्या धर्माची माळ गळ्यात घातलेल्या माणसाने त्या बैठकीत हात वर करावा काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या संप्रदायाचा आरंभच एका वाळीत टाकलेल्या घरापासून आहे.

विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीस गेले, आणि गुरूंच्या आज्ञेने परत येऊन त्यांनी संसार मांडला. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने ते घर वाळीत टाकले. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताई ही चार भावंडे त्या घरात वाढली. ज्या घरी कोणी येत नव्हते, त्या घरात. मुंजीचा प्रश्न आला तेव्हा आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले, आणि त्यांनी ते घेतलेही. तरी मुलांची सुटका झाली नाही. शुद्धिपत्रासाठी त्या लेकरांना पैठणापर्यंत पायपीट करावी लागली. परंपरा सांगते की मुक्ताईला मांडे भाजायला कुंभाराकडे परळ मिळेना, कारण विसोबाने कुंभारास मना केले होते. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो, लोक टाळ्या पिटतात, चमत्काराने डोळे मोठे होतात. पण चमत्काराच्या अगोदर काय घडले आहे तिकडे लक्ष द्या. कुंभार मडके विकत होता, मुक्ताईच्या हातात पैसे असतील, आणि तरी भांडे मिळत नव्हते. कुंभाराचे त्या पोरांशी वैर होते काय? मुळीच नाही. त्याला विसोबाचे भय होते. दुकानदार माल नाकारतो, शेजारीण पाणी नाकारते, ती आजही याच भयाने.

मंडळी, यातले मर्म ध्यानात घ्या. वाळीत टाकणे हे द्वेषावर कमी आणि भयावर अधिक चालते. गावातल्या शंभर घरांपैकी दोनचार घरांचे त्या माणसाशी भांडण असते. उरलेली बोलत नाहीत ती "उद्या आपलीही पाळी येईल" या धाकाने. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो, आणि पहिला कोणी होत नाही.

आणि त्या विसोबाचे पुढे काय झाले? तोच विसोबा त्या भावंडांना शरण आला, तोच विसोबा खेचर झाला, आणि नामदेवरायांना त्याच्याच पायाशी गुरुबोध मिळाला. बहिष्कार घालणाऱ्याला संतांनी उलट बहिष्कार घातला नाही. त्याचे मन फिरले, तसे त्याला पंगतीत घेतले. ही गोष्टही आपण विसरता कामा नये. शेवटी आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

नाथांचेही तेच. श्राद्धाचा स्वयंपाक झाला, त्याच्या वासाने रस्त्यावरून जाणाऱ्या भुकेल्या अंत्यजांची लेकरे थबकली, आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढले. पैठणच्या ब्राह्मणांनी नाथांच्या घरी जेवायचे सोडले. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर उचलून घेतले, तेव्हाही गाव काय म्हणेल हा विचार आधी केला नाही. पोर भाजते आहे, हा विचार आधी केला.

चोखोबांची गोष्ट तर आपल्या महाद्वारातच उभी आहे. मंगळवेढ्यास कुसवाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा गेले, ते इसवी सन १३३८ साली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली. पायरीशी नामदेव, समोर चोखोबा. भक्तांनी चोखोबांना केवढे मोठे मानले! त्यांची सोयराबाई, बहीण निर्मळा, बंका, कर्ममेळा, अवघे घर संतपदास चढले. पण दाराच्या आत? चोखोबांच्या जातभाईंना समाधीपर्यंतच येऊ दिले जाई. पुढे दाराने अडवले. हे किती वर्षे चालले? सहाशे नऊ वर्षे. इतकी वर्षे आपण त्यांचे अभंग गात होतो आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांना बाहेर ठेवत होतो.

ते दार उघडले १९४७ साली, आणि ते उघडायला निघालेला माणूस आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला. पालगडला २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. त्यांनी आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरून गावोगाव लोकांना विनवले, विहिरी आणि देवळे मोकळी करवली, आणि मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास बसले. बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. एका वारकरी मठाने! हे आपण अभिमानाने सांगावे. त्याच बरोबर, आपल्यातल्याच कित्येकांनी त्या वेळी विरोध केला, हेही लपवू नये. दादासाहेब मावळंकरांसारखी मोठी माणसे मध्ये पडली, बडव्यांशी बोलणी झाली, आणि १० मे रोजी उपोषण सुटले. विठोबाचे दार सर्वांना मोकळे झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही केला.

यात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. गुरुजींनी हरिजनांसाठी अन्नछत्र मागितले असते, तर कोणी विरोध केला नसता. लोकांनी पोतीच्या पोती तांदूळ आणून टाकला असता. गुरुजींनी तांदूळ मागितला नाही, दार मागितले. दया करणे सोपे असते, कारण दया करणारा वर बसलेला असतो आणि घेणारा खाली. हक्क दिला की दोघांना एकाच रांगेत उभे राहावे लागते. वाळीत टाकलेल्या घरी रात्री गुपचूप भाकरी नेऊन देणारे पुष्कळ दयाळू शेजारी आम्ही पाहिले आहेत. त्यांचे पुण्य त्यांना लाभो. पण ती भाकरी दिवसाढवळ्या नेता आली पाहिजे, त्या घरी बसून खाता आली पाहिजे.

आजकाल "मानवी हक्क" हा शब्द वर्तमानपत्रांत वारंवार येतो. पुष्कळांना वाटते, हे काहीतरी परदेशी खूळ आहे. तर ऐका. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्याच कलमात आधी "सर्व पुरुष" अशा अर्थाचे शब्द होते. ते बदलून "सर्व माणसे" असे करवून घेण्यात पुढाकार होता हंसाबेन मेहता या हिंदी बाईंचा. दुसऱ्या वर्षी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, आपली घटना मंजूर झाली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. घटनेच्या मसुद्याचा भार ज्यांनी वाहिला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवेही याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. आणि "हक्क" हा शब्द कानाला कोरडा वाटत असेल, तर आपला शब्द घ्या: अधिकार. नामाला अधिकार कोणाचा, असे संतांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी जात विचारली नाही, बाई की पुरुष हे विचारले नाही, घरात पैसा किती हेही विचारले नाही. ज्याला नामाचा अधिकार आहे त्याला पाण्याचा नाही, असे म्हणणे कोणत्या शास्त्रात बसते?

आता कायद्याचे पाहू. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्यात १९४९ साली एक कायदा झाला होता. बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १९६२ साली तो रद्द झाला. पुढे चोपन्न वर्षे या राज्यात त्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. वाळीत टाकलेला माणूस पोलिसांकडे गेला, तर "कोणी मारले का? नाही ना? मग कसली तक्रार?" असे ऐकून परत येई. त्या लोकांच्या बाजूने उभे राहिले ते समाजकार्यकर्ते. २०१३ साली नाशकात जातीबाहेर लग्न केलेल्या एका लेकीचा तिच्या बापानेच जीव घेतला, तेव्हा महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्या दुसऱ्या एका कायद्याला आपल्या संप्रदायातल्या काहींनी विरोध केला होता, हे जगजाहीर आहे. पण या कामात ते ज्या दुःखासाठी उभे होते, ते मुक्ताईच्या घरचेच दुःख होते. त्यांच्या माघारी सहकाऱ्यांनी काम सोडले नाही. शेजारच्या रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे येत गेल्या. अखेर एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा एकमताने मंजूर केला, आणि राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला.

हा कायदा सांगतो की, कोणास सामाजिक किंवा धार्मिक कार्यात भाग घेऊ न देणे, पाणवठा, शाळा, देऊळ, स्मशान यांपासून अडवणे, त्याच्याशी व्यवहार तोडणे, लग्नात आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठक बोलावणारा, हात वर करणारा, चिथावणी देणारा, सर्व त्यात येतात. ज्याच्यावर बहिष्कार पडला तो किंवा त्याच्या घरचे कोणीही पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतात. अशी बैठक भरणार असे कळले, तर जिल्हाधिकारी ती आधीच थांबवू शकतात.

मग कायदा झाला म्हणजे सर्व झाले काय? नाही. कायदा तालुक्याच्या गावी, पोलीस ठाण्याच्या कपाटात असतो. भय वाडीत असते. कपाटातला कायदा वाडीपर्यंत कोणीतरी चालवत आणावा लागतो. ते काम समाजकार्यकर्त्याचे.

समाजकार्य म्हणजे वह्या-पुस्तके वाटून फोटो काढणे, असा आपल्याकडे समज आहे. या कामाचेही शिक्षण असते. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने या देशातली समाजकार्याची पहिली शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथे काय शिकवतात? फार गूढ काही नाही. समोरच्याचे पुरते ऐकून घ्यावे. ऐकण्याअगोदर निवाडा करू नये. त्याचे काम आपण करून टाकू नये, त्याला करण्याचे बळ द्यावे. आणि जे चालले आहे ते कागदावर उतरवावे. बैठक कोणत्या तारखेला झाली, कोण काय बोलले, दंडाची पावती आहे का, फोनवर निरोप आला असेल तर तो जपून ठेवला का, साक्षीला कोण येईल. मग त्या माणसाबरोबर ठाण्यात जावे, तहसीलदाराकडे जावे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागावा. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे वाडीत फिरून पहिला माणूस शोधावा, जो म्हणेल, "मी बोलेन त्यांच्याशी." तो पहिला मिळाला की दुसरा मिळतो. दहा घरे एकदम बोलू लागली, की दंड कोणाकोणाला करणार?

या जिल्ह्याने असे पहिले पाऊल उचलणारे पुष्कळ पाहिले आहेत. रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशाने पतितपावन मंदिर बांधले. सावरकर तेव्हा या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने ते देऊळ फेब्रुवारी १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुले झाले. आगरगुळ्याला जन्मलेले सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, ज्यांना सारे कोकण आप्पासाहेब म्हणते, ते १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम द्या. तुरुंगाने नाकारले, कारण ते उच्च जातीचे! त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला, तेव्हा सरकार नमले. पुढे १९४८ साली आप्पासाहेबांनी कणकवलीस गोपुरी आश्रम काढला, आणि मेलेल्या ढोरांचे कातडे सोडवण्याचे व मैल्याचे खत करण्याचे काम स्वतःच्या हाताने केले. जे काम ज्या माणसाला हीन ठरवते, ते काम आपणच उचलले की त्या माणसाचे हीनपण कुठे राहते? गाडगेमहाराजांनी पंढरीत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हातात खराटा, डोक्यावर गाडगे. त्यांचे कीर्तन रस्ता झाडण्यापासून सुरू होई. आम्हांस तर वाटते, सेवा आणि कीर्तन यांची ताटातूट ही अलीकडची गोष्ट आहे. आपल्या संतांनी ती कधी केली नव्हती.

आता काही शंका.

कोणी म्हणेल, "महाराज, गावकी मोडली तर गाव मोडेल." गावकी मोडावी असे आम्ही म्हणतच नाही. गावकीने पाखाड्या बांधल्या, बंधारे घातले, देवळे राखली, मुंबईत पोरांना खोल्यांत ठेवून घेतले, मयताला लाकडे पुरवली. ही गावकी राहावी, वाढावी. लांज्याच्या दर्ग्याच्या उरुसाला आपली हिंदू माणसे जातात, ही गावपणाचीच शोभा आहे. पण गाव एकत्र राखणे निराळे आणि माणूस तोडून गाव एकत्र दाखवणे निराळे. हाताचे बोट दुखते म्हणून कापून टाकले, तर मूठ घट्ट होत नाही.

दुसरा म्हणेल, "त्या माणसाची चूक असली तर?" असू शकते. वाळीत पडलेला प्रत्येक माणूस साधू असतो असे नाही. त्याने बांध सरकवला असेल, पैसे खाल्ले असतील. त्यासाठी तलाठी आहे, कोर्ट आहे, तंटामुक्त समिती आहे. पण पाणी, प्रेत आणि पोर यांना शिक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. बापाच्या चुकीसाठी पोराशी अबोला धरणे हा न्याय नव्हे.

तिसरा म्हणेल, "दंड भरून घेतले ना परत? मिटले की." मिटले नाही. दंड भरून माणुसकी विकत घ्यावी लागली, तर उद्या ती पुन्हा काढून घेता येते. ज्या घराने दंड भरला, तेच घर पुढच्या बैठकीत सर्वांत आधी हात वर करते, कारण त्याला भय ठाऊक झालेले असते. अशा रीतीने रोग फिरत राहतो.

चौथा म्हणेल, "आपण वारकरी, आपला परमार्थ. या भानगडी प्रापंचिक." अहो, काल्याच्या दिवशी आपण काय करतो? सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र करून कालवतो, आणि कृष्णाने गोपाळांना दिला तसा एकमेकांच्या मुखी घास देतो. ज्या काल्यातून एका घराची शिदोरी मुद्दाम वगळली आहे, तो काला झाला काय? विणेकऱ्याच्या पायी सगळे लागतात, आणि विणेकरीही ज्याच्या त्याच्या पायी लागतो. यालाच तर परमार्थ म्हणतात. हा परमार्थ मंडपाच्या कनातीबाहेर लागू नसेल, तर आपण सप्ताह कशाला करतो?

आणि संप्रदाय थांबलेला नाही, हेही पाहा. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ साली झाला. त्यावर कित्येक वर्षे दावे चालले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. ज्या दारापुढे चोखोबा ताटकळले, त्या दारात हे घडले. मग लांज्याच्या एखाद्या वाडीत शिमग्याची पालखी एका अंगणात थांबणे अशक्य आहे काय?

तेव्हा माळकरी मंडळींनी काय करावे, ते आम्ही थोडक्यात सांगतो. हे नियम एकादशीच्या नियमासारखेच समजावेत.

पहिला नियम: कोणालाही वाळीत टाकण्याच्या ठरावावर सही करणार नाही, हात वर करणार नाही. बैठकीत उठून बोलण्याचा धीर नसेल, तर निदान उठून बाहेर यावे. माळकऱ्याचे उठून जाणे लोकांना दिसते.

दुसरा: पाणी आणि शब्द कोणालाही नाकारणार नाही. विहिरीवर भेटली तर रामकृष्णहरि, वाटेत भेटला तर रामकृष्णहरि. एवढ्यानेही वाळीतपणाला पहिली चीर पडते.

तिसरा: मयत कोणाच्याही घरी होवो, भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन तिथे जाईल आणि खांदा देईल. मृदंगाचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू जातो, त्यात गुपचूप काही नसते.

चौथा: सप्ताहाची वर्गणी, पंगत आणि काला यांतून एकही घर वगळणार नाही. घर वगळण्याची अट घालून कोणी मोठी देणगी देत असेल, तर ती नम्रपणे परत करावी. साधे पिठले-भात करावे, पण सर्वांचा करावा.

पाचवा: दिंडी आंबा घाट चढून पंढरीस निघते, तेव्हा वाळीत पडलेल्या घरातून कोणी येऊ म्हणेल तर त्याला आपल्या रांगेत घ्यावे. गावात आपण बोलत नाही आणि वारीत मात्र माउली म्हणतो, असे झाले तर परत आल्यावर अबोला धरताना आपलीच जीभ अडखळेल. अडखळू द्यावी. तोच वारीचा प्रसाद.

सहावा: दिंडीतल्या दोघातिघा शिकलेल्या तरुणांनी या कायद्याची माहिती करून घ्यावी. तक्रार कशी लिहावी, लांज्यास कोणाकडे द्यावी, पोच कशी घ्यावी, हे शिकावे. गांजलेल्या माणसाबरोबर ठाण्यापर्यंत जाणे, बाकावर त्याच्या शेजारी दोन तास बसणे, हीही वारीच आहे. तिथे विठोबा विटेवर नसतो, बाकावर असतो एवढेच.

शेवटी विसोबाची आठवण. वाळीत टाकणारी माणसेही आपलीच आहेत. कोणी मानकरी आहे, कोणी आपल्या सोयऱ्यांतला आहे, कोणी आपल्याच दिंडीत पखवाज वाजवतो. त्यांच्याविषयी मनात आकस धरून हे काम होणार नाही. ज्ञानदेवांनी शके १२१२ त ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर पसायदान मागितले, तेव्हा दुर्जनांचा नाश मागितला नाही; त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. ज्या मुलाला लहानपणी गावाने दारात उभे केले नाही, त्याने हे मागणे मागावे, यातच या धर्माची सारी थोरवी आहे. कायद्याचे काम कायद्याने करावे, जिथे अन्याय चालूच राहतो तिथे तक्रार जरूर करावी, त्यात कच खाऊ नये. पण तक्रार करतानाही मनात हेच असावे की उद्या हा मानकरी आणि हे घर एका पंगतीस बसायचे आहेत, आणि पाने आपल्याला मांडायची आहेत.

येत्या शिमग्यात पालखी निघेल, तेव्हा आपल्या वाडीत कोणते अंगण रिकामे राहते, ते प्रत्येक माळकऱ्याने पाहून ठेवावे. पालखी जाण्याआधी आठ दिवस त्या घरी जावे, तुळशीपुढे बसावे, चहा घ्यावा. मग मानकऱ्यांच्या घरी जावे आणि हात जोडून विनवावे. एकट्याचे ऐकले नाही तर पाच जणांनी जावे, पाचांचे ऐकले नाही तर सारे भजनी मंडळ जावे. देव घरोघर जायला निघालेलाच आहे. त्याला वाटेत अडवू नये, एवढेच आपले काम.

पुंडलीक वरदे हारि विठ्ठल, श्रीज्ञानदेव तुकाराम.